ऐंशी हात

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका माणसाचं भलं करायला गेलो आणि त्याचा धंदा बुडवून बसलो. पोटात वाईट हेतू असता तर निदान स्वतःवर नीट चिडता तरी आलं असतं. तसं काही नव्हतं. मी मनापासून धडपडलो होतो, आणि पुढे काही महिने तर स्वतःवर खूशही होतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी अमळनेरजवळच्या खेड्यातला. ड्रॉइंगचा डिप्लोमा करून धुळ्याला एका कचेरीत नकाशे काढायला लागलो होतो. शहरातल्या मोकळ्या जागांचं पुढे काय करायचं, ते ही कचेरी ठरवायची. पगार सुरू झाला होता, पण कायम व्हायचा होतो. घरी आई ‘बठ्ठा’ म्हणायची, मी ‘सगळं’ म्हणायला शिकलो होतो, आणि गावाकडचं कुणी भेटायला आलं तर त्याला कचेरीच्या बाहेरच चहाला न्यायचो. असा तो मी. हात मात्र चांगला होता. बाग हिरवी, दुकानं तांबडी, रस्ता करडा, असा रंग भरायचो की साहेब नकाशा लांब धरून बघत राहायचे.

साहेबांचं एक ठाम मत होतं. मोटारीतून जाणाऱ्याला शहर कसं दिसतं, त्यावर शहराची किंमत ठरते. हे मत मांडणारे साहेब स्वतः पँटीला क्लिपा लावून सायकलवर येत. धुळ्यात तेव्हा खासगी मोटारी किती होत्या, तर डॉक्टर, वकील आणि मिलवाले धरून बोटांवर मोजता येतील इतक्या. पण आमच्या नकाशांत रस्ताभर मोटारी धावत. त्या काढायचं काम माझ्याकडे होतं. मी एक गोल टपाची मोटार हातात बसवली होती आणि तीच सगळीकडे काढत असे. माणसं काढायचा रिवाज नव्हता.

आग्रा रोडला, शहर संपता संपता, बागेच्या अलीकडे सलग पाच प्लॉट मोकळे पडलेले होते. कधीकाळी तिथे जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, होता म्हणे. जिन मोडला, पत्रे गेले, पाया उकरून दगडही लोकांनी नेले, आणि एक सपाट, कडक पांढरी जागा उरली. एका बाजूने हमरस्ता, त्यावरून दिवसभर ट्रक. दुसऱ्या बाजूला कडुनिंबांची रांग. पलीकडे बागेची भिंत. बाग त्या काळात नवी होती, संध्याकाळी कारंजं सुरू व्हायचं आणि व्यापाऱ्यांची कुटुंबं टांग्यातून यायची. त्यांना शेजारची ही पडीक जागा बघवत नसे. साहेबांनाही बघवत नसे.

पडीक म्हणायचं ते आम्ही. तिथे रोज सकाळपासून दुपारपर्यंत एक म्हातारं जोडपं दोर वळायचं.

दोर कसा वळतात ते मी लहानपणी पाहिलं होतं आणि विसरलोही होतो. एका टोकाला कडुनिंबाखाली जमिनीत पुरलेली लाकडी चौकट, तिला तीन आकडे आणि एक मूठ. म्हातारी मूठ फिरवायची. तिला सगळे अक्का म्हणत. आबा, म्हणजे तिचा नवरा, कमरेला अंबाडीचा वाख, म्हणजे सोललेले तंतू, गुंडाळून आकड्याला त्याचं टोक लावायचा आणि मागे सरकत जायचा. तोंड अक्काकडे, पाठ पुढे. बोटांतून वाख सुटत जायचा, त्याला पीळ चढत जायचा, आणि म्हातारा एक-एक पाऊल उलटं टाकत पार दुसऱ्या टोकाला पोचायचा. मग पुन्हा चालत चौकटीपाशी यायचा आणि दुसरा पदर घ्यायचा. तीन पदर झाले की ते एकत्र वळायचे. पीळ बसताना दोर आखडतो, म्हणून त्या टोकाला दगड ठेवलेली एक लाकडी घसरगाडी असायची, ती आपोआप इंच-इंच पुढे सरकायची. आयुष्यभर हा माणूस निम्मा वेळ उलटा चालला होता, आणि मागे न बघता कुठे थांबायचं ते त्याच्या टाचांना कळत होतं.

साहेबांनी त्या पाच प्लॉटांची मोजणी मला सांगितली. मी साखळी आणि एक गडी घेऊन गेलो. दिवस कासराभर वर आला होता, आणि आबांचा दोर बरोबर मधल्या तीन प्लॉटांच्या पोटातून, रस्त्याला समांतर, ताणलेला होता. आमची साखळी तिथूनच न्यायची होती.

“आबा, दोर जरा काढता का? मोजणी करायची आहे,” मी म्हणालो.

दुसरा कुणी असता तर दोन शब्द बोलला असता. पीळ अर्धवट असताना दोर सोडला की सकाळचं काम फुकट जातं, हे मला फार नंतर कळलं. आबांनी अक्काकडे पाहिलं, तिने मूठ धरली, आणि दोघांनी मिळून दोर गुंडाळून झाडाखाली ठेवला. वर आबांनी आमच्या गड्याच्या हातून साखळीचं टोक घेतलं आणि ते स्वतः घेऊन गेले. तिकडून ओरडून म्हणाले, “ऐंशी हात शे भाऊ. मोजी ल्या.”

मोजलं. एकशे वीस फूट आणि वर चार-पाच बोटं. मी थक्क झालो. मग मला चेवच चढला. या झाडापासून त्या झाडापर्यंत किती, रस्त्यापासून भिंतीपर्यंत किती, असं मी विचारत गेलो आणि ते नुसत्या डोळ्यांनी सांगत गेले. एकदाही वीतभराच्या वर चुकले नाहीत. शेवटी अक्का हसून म्हणाली, “भाऊ, साखळी घर ठी या आते.” साखळी घरी ठेवून या आता. आम्ही सगळेच हसलो.

त्या दिवशी झाडाखाली त्यांनी मला गुळाचा चहा पाजला आणि आबांनी आपला नियम सांगितला. पोळ्याच्या आधी दोन महिने त्यांच्याकडे खेड्यापाड्यांतून शेतकरी येत. एका बैलजोडीचा सगळा साज, म्हणजे दोन्ही कासरे, दावी, वेसणी, आबा एकाच दोरातून कापून द्यायचे. दोन बैलांना दोन दोर नाहीत. आणि दोराला जोड नाही. मध्ये वाख तुटला तर गाठ मारायची नाही, तो दोर बाजूला टाकून नवा घ्यायचा.

“बैल वरीसभर राबस,” ते म्हणाले. “त्याले एक दिन तरी बिनगाठना दोर जोयजे.”

मला ते फार आवडलं. खोलीवर जाऊन मी वहीत लिहूनही ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत मोजणीचा तक्ता भरताना ‘जागेचा सध्याचा वापर’ या रकान्यात पाचही प्लॉटांपुढे एकच शब्द लिहिला: रिकामी.

खोटं लिहिलं असं मला तेव्हा वाटलंही नाही. आमच्या नियमाप्रमाणे जिथे जोतं नाही आणि छप्पर नाही ती जागा रिकामी. आबांची चौकट म्हणजे दोन खुंट आणि एक फळी. तिला बांधकाम कोण म्हणणार? शिवाय मी मोजलं तेव्हा दोर उचललेलाच होता. तो मीच उचलायला लावला होता, एवढंच.

योजना सहा महिन्यांत तयार झाली. कोपऱ्याच्या प्लॉटवर पेट्रोल पंप, शेजारी मोटार गॅरेज, मग ट्रकवाल्यांसाठी लॉज आणि खानावळ. बागेला लागून असलेल्या दोन प्लॉटांवर एकाच उंचीच्या गाळ्यांची ओळ, पुढे मोटारी उभ्या करायला डांबरी पट्टा. प्रत्येक प्लॉटला कंपाउंडची भिंत. तो नकाशा मी काढला. आजही सांगतो, तसा नकाशा मी पुन्हा काढला नाही. बागेच्या हिरव्या रंगात मी तीन छटा दिल्या होत्या. डांबरी पट्ट्यावर अकरा मोटारी काढल्या. साहेब म्हणाले, “इथून पुढे जाणारा मुंबईचा माणूस मान वळवून बघेल.”

आबांचं काय, हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. पडला होता. मी तेवढा निर्लज्ज नव्हतो. नियमाप्रमाणे योजना फळ्यावर लागली, लोकांच्या हरकती मागवल्या. आबा फळा वाचायला येणार नव्हते, म्हणून मीच सायकल काढून गेलो. त्यांना सांगितलं की इथे दुकानं होणार, पण जे आधीपासून इथे धंदा करतात त्यांना अर्ज केल्यास गाळा मिळू शकतो. मी अर्ज लिहून देतो. कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

दोघांना ते खरं वाटेना. त्यांच्या घराण्यात पक्क्या भिंतीचं स्वतःचं दुकान कुणाचं झालं नव्हतं. पावसाळ्यात वाख भिजायचा, चोरी व्हायची, चौकट रोज उपटून घरी न्यावी लागायची. आबांचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं.

अर्जात एक ओळ होती, किती जागा लागेल. मी पेन धरून विचारलं, “आबा, तुम्हाला बसायला किती जागा लागते?”

हा प्रश्न मी आयुष्यात हजार वेळा मनात परत विचारून पाहिला आहे.

“बसाले कितली लागस भाऊ?” आबा म्हणाले. “आम्ही दोन जीव. खाटलाइतली भेटनी तरी बठ्ठं व्हई जाई.” खाटेएवढी मिळाली तरी सगळं होऊन जाईल.

बसायला म्हणून मी विचारलं आणि बसायला म्हणून त्यांनी सांगितलं. खोटं कुणीच बोललं नाही. टेबलाशी बसून काम करणारा मी, माझ्या डोक्यात धंदा म्हणजे बसणं. ऐंशी हात मी स्वतः साखळीने मोजले होते, त्यांच्या टाचा मागे-मागे जाताना बघितल्या होत्या, आणि तरी मी बसायची जागा विचारली. आईच्या बोलीत, मांडी घालून, नीट गप्पा मारत विचारलं असतं तर कदाचित बोलता-बोलता निघालं असतं. पण मी सायकलवरून उतरलेला साहेब होतो. त्यांनी साहेबाच्या प्रश्नाला साहेबाला हवं तेवढंच उत्तर दिलं.

त्या गाळ्यासाठी मी भांडलो. हे मात्र खरं आहे. बाजारातल्या वजनदार लोकांचे अर्ज होते, एकेकाला दोन-दोन गाळे हवे होते. मी साहेबांच्या मागे लागलो, फायली शोधल्या, आबा वीस वर्षं तिथे आहेत याचे दाखले दोन गावांच्या पाटलांकडून आणवले. साहेब चिडवायचे, “काय रे, म्हातारा तुझा मामा लागतो का?” शेवटी मंजूर झालं. शेवटचा, बागेच्या भिंतीला चिकटलेला गाळा. दहा फूट बाय बारा फूट. मी ती बातमी द्यायला गेलो तेव्हा अक्काने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, आणि मी बाजूच्या झाडाकडे बघत उभा राहिलो, कारण डोळ्यांतलं पाणी दिसू द्यायचं नव्हतं.

काम सुरू झालं ते हिवाळ्यात. गाळे आधी उठले. आबा रोज आपला दोर वळून झाला की गवंड्यांचं काम बघायला जायचे, आपल्या गाळ्याच्या भिंतीवर हात फिरवायचे. मग लॉजचा पाया खणला. मग कंपाउंडच्या भिंतीची चुन्याची रेघ मारली, ती दोराला आडवी छेदून गेली. त्या दिवशी दुपारी आबा कचेरीत आले. पहिल्यांदाच. खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. पायरीखाली वहाणा काढून, भिंतीला धरून, ते माझ्या टेबलापर्यंत आले.

“भाऊ, गाळा चांगला शे,” ते म्हणाले. “पन दोर कोठे वळू?”

मला क्षणभर काही कळलंच नाही. मी म्हणालो, “आबा, गाळ्यातच ना.”

त्यांनी वेटोळं माझ्या टेबलावर ठेवलं. एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून स्वतः मागे-मागे चालू लागले. टेबलांमधून, कपाटांच्या रांगेतून, दारातून बाहेर, व्हरांड्यातून. पाय मागे न बघता पडत होते. कारकून हसायला लागले. व्हरांडा संपला, आबा भिंतीला टेकले, आणि वेटोळं अजून निम्म्याहून जास्त माझ्या टेबलावरच होतं. दोराचं टोक हातात धरून मी उभा होतो. सात हात रुंद आणि आठ हात लांब जागेत मी या माणसाला कोंडलं होतं, आणि वर आशीर्वाद घेतले होते.

“तुम्ही आधी का नाही बोललात?” मी विचारलं. चिडूनच विचारलं. आपली चूक समोर आली की माणूस दुसऱ्यावरच चिडतो.

आबा गोंधळले. “मोकळी जागा कोठे जास भाऊ? ती तं तठेच ऱ्हास. गाळा येगळा, जागा येगळी.” त्यांनी तसंच धरून चाललं होतं. गाळा मिळतोय तो जास्तीचा. मोकळी जागा कुणाच्या देण्या-घेण्याची वस्तू असते, ती भिंत घालून संपवता येते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी त्यांना बाकावर बसवलं आणि साहेबांकडे गेलो. गाळ्यांच्या आणि लॉजच्या मागच्या अंगाला दहा फुटांची पट्टी सलग सोडता येईल, मधली कंपाउंडची भिंत तेवढी अलीकडे थांबवायची, असं मी नकाशावर पेन्सिलने दाखवलं. भिंती अजून उठल्या नव्हत्या. नुसती चुन्याची रेघ होती.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं. “सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते हेच,” असं म्हणून थोडं हसले, आणि मग त्यांनी तक्ता मागवला. बोट त्या रकान्यावर ठेवलं.

“इथे तू काय लिहिलंयस?”

“रिकामी.”

“मग रिकाम्या जागेत कुणासाठी पट्टी सोडायची? वर विचारतील. तू असं कर. मोजणी चुकली, जागा वापरात होती, असं लेखी दे. मी पाठवतो पुढे. सगळी योजना परत मोजायला येईल, ती गोष्ट वेगळी. तुझं कायम होण्याचं प्रकरण पण पुढच्याच महिन्यात आहे, ती गोष्टही वेगळी. तू दे लिहून.”

धमकी नव्हती ती. त्यांनी खरंच मला वाट दाखवली होती. एक कागद, चार ओळी. मी जागेवर आलो, कागद घेतला, तारीख घातली. समोर बाकावर आबा वेटोळं मांडीवर घेऊन बसले होते. मला आईचं घराचं छप्पर आठवलं, बहिणीचं ठरत आलेलं लग्न आठवलं. हे सगळं खरं होतं, आणि तरी मुख्य गोष्ट ती नव्हती. मुख्य गोष्ट अशी की तो नकाशा इतका सुरेख झाला होता, आणि त्यावर ‘चुकीची मोजणी’ असा शेरा बसलेला मला बघवला नसता. मला भीती वाटली आणि माझ्याच हाताचा मोह मला सोडवला नाही. मी तो कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

“बघतो आबा,” मी म्हणालो. “साहेबांशी बोललोय.”

ते विश्वासाने गेले.

महिन्याभरात भिंती उठल्या. मी कायम झालो.

आबांनी आधी बागेत प्रयत्न करून पाहिला. बागेच्या भिंतीलगत एक सरळ फरसबंद वाट होती. माळी ओळखीचा, त्याने सकाळी फाटक उघडल्या-उघडल्या दोन-तीन दिवस वळू दिलं. मग फिरायला येणाऱ्यांची तक्रार आली, पायात दोर येतो, बागेची शोभा जाते. माळ्याने हात जोडले. त्यानंतर आबा रस्त्याच्या कडेला आले.

मी रोज त्याच वाटेने सायकलवर जायचो. वाट बदलता आली असती, बदलली नाही. एवढी एक शिक्षा मी स्वतःला दिली असावी. गाळ्याच्या पायरीशी अक्का मूठ फिरवत बसलेली. आणि हमरस्त्याच्या कडेने, डांबर आणि धूळ यांच्या सीमेवरून, आबा उलटे चालत येताहेत. पाठीमागून ट्रक. कांद्याचे, रुईच्या गाठींचे, मालेगावकडचे, इंदूरकडचे. आबांना ते दिसायचे नाहीत. अक्का बघायची, आणि एका हाताने मूठ न थांबवता ओरडायची, “गाडी उनी! सरका!” की ते एक पाऊल आत सरकायचे, दोर ढिला न पडू देता. ट्रक गेला की त्यांचं धोतर उडायचं. चौकट ते डांबरी पट्ट्याचं तोंड, एवढीच जागा सलग मिळायची. तीस हात जेमतेम. पुढे मोटारी आत वळायच्या.

त्या दिवसांत कचेरीत बसलो असताना रस्त्यावर ब्रेकचा आवाज आला की पेन थांबायचं. मी कुणाला काही म्हणू शकत नव्हतो. आबांना ‘असं करू नका’ म्हणायला मला तोंड नव्हतं, आणि साहेबांकडे परत जायला पाय नव्हते. ड्रॉवरमधला कागद मी एकदा काढून फाडला. फाडून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

पावसाळ्याआधी माझी जळगावला बदली झाली. मी स्वतःच मागितली होती. मेहरूणला खोली घेतली, लग्न झालं. मग बहात्तरचा तो दुष्काळ पडला. खानदेशातले बैलच बाजारात निघाले, पोळा कुणी कसला करतो? पाठोपाठ सगळीकडे नायलॉनचा दोर आला. मी मनाला समजावत असे की आबांचा धंदा तसाही बसणारच होता. त्यात तथ्य असेलही. पण भिंती उठल्या तेव्हा दुष्काळ पडलेला नव्हता आणि नायलॉन आलेला नव्हता. तेव्हा फक्त मी होतो.

दोन वर्षांनी चाळीसगावच्या कामावरून परतताना मी वाट वाकडी करून धुळ्याला उतरलो. ठरवून उतरलो. आबांसमोर बसायचं आणि सांगायचं: साहेबांनी मला लिहून द्यायला सांगितलं होतं, मी दिलं नाही. तुम्ही बाकावर बसला होतात तेव्हाच पट्टी सुटू शकत होती. एवढंच बोलायचं. एसटीत मी ते वाक्य दहा वेळा म्हणून पाहिलं.

रस्ता अगदी नकाशासारखा झाला होता. पंप, गॅरेज, लॉज, गाळ्यांची ओळ, डांबरी पट्टा. मोटारी मात्र दोनच उभ्या होत्या आणि बाकी ट्रक. शेवटच्या गाळ्यात आबा बसलेले दिसले आणि माझा जीव भांड्यात पडला. जिवंत होते, धड होते. भोवती निळ्या, हिरव्या, पिवळ्या नायलॉनची वेटोळी टांगलेली. व्यापाऱ्याकडून आणायची आणि हाताने मापून विकायची. अक्का शेजारी. लाकडी चौकट कोपऱ्यात आडवी होती, तिच्यावर डबे ठेवले होते.

“भाऊ!” आबा उठले. बसून-बसून त्यांचे गुडघे धरले होते, उठायला भिंतीचा आधार लागला. हा माणूस दिवसाला काही कोस चालायचा. गिऱ्हाईक होतं, त्याला आबा अभिमानाने म्हणाले, “ह्या तेच सायेब. ह्या व्हतात म्हनीसन गाळा भेटना. नही तं आमले कोन इचारस?” हे होते म्हणून गाळा मिळाला, असं सांगत होते.

अक्काने चहा मागवला. मी वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात आबांनी डबे बाजूला करून चौकटीमागून अंबाडीच्या दोराचं एक वेटोळं काढलं. पिवळसर, घट्ट, एकसारखा पीळ. मी हात फिरवला आणि मधोमध गाठ लागली.

तो त्यांनी वळलेला शेवटचा दोर होता. दुष्काळाच्या आधीच्या पोळ्याला एका शेतकऱ्याची जोडीची मागणी होती. रस्त्याच्या कडेला तीस हातांहून लांब वळता येईना. म्हणून आबांनी दोन तुकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा गाठ मारली. शेतकरी घ्यायला आला तेव्हा मात्र त्यांनी दिला नाही. त्याला दुसरीकडे पाठवलं.

“गाठना दोर बैलले कसा देवाव?” ते म्हणाले. मग वेटोळं माझ्या हातात ठेवून हसले. “तुमना घर बैल नही ना भाऊ? तुमले चाली जाई. कपडा वाळत घालाले.”

टोमणा नव्हता. त्यांच्याजवळ स्वतः केलेलं तेवढंच उरलं होतं आणि ते त्यांना मला द्यायचं होतं. मी दोन्ही हातांनी घेतलं. आता बोल, आता बोल, असं मी स्वतःला म्हणत होतो. चहा आला. चहा प्यायलो. अक्काने माझ्या बायकोची विचारपूस केली. मी निघालो, वाकून नमस्कार केला, आणि जे सांगायला गेलो होतो ते न सांगता स्टँडवर आलो.

पारोळ्याकडे जाणारी एसटी आग्रा रोडवरून त्याच बाजूने फिरून निघाली. मला खिडकी मिळाली. दोर मांडीवर होता. पंप आला, गॅरेज आलं, मग एकसारख्या उंचीची, एकसारख्या रंगाची ती ओळ सर्रकन मागे गेली आणि बागेची भिंत लागली. मी मान वळवून बघत होतो. आबांचा गाळा त्यातला कुठला, ते मला गाडीतून ओळखता आलं नाही.